हात थांबला, मात्रा नाही

कुरुळीत घरी भजन ध्वनिमुद्रित करायचे तर रात्री उशिराच बसावे लागते. तरीही पुणे-नाशिक महामार्गावरच्या ट्रेलरची घरघर पखवाजाच्या माइकमध्ये उतरतेच. ती काढायला त्या ट्रॅकवर मी एक प्लगइन लावतो. परवा मूळ आवाज ऐकावा म्हणून त्याचे बायपासचे बटण दाबले, आणि पखवाज टाळांच्या पुढे पळाला.

घरघर ओळखण्यासाठी प्लगइन आवाज थोडा अडवून धरते. 48000 हर्ट्झला 2400 नमुने, म्हणजे 50 मिलिसेकंद. म्हणून प्लगइन ज्यात चालते ते होस्ट सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅकही तेवढेच मागे ठेवते. बायपासमध्ये प्लगइनने काम सोडावे, पण हा उशीर सोडू नये. कोरा आवाजही तेवढाच थांबवून पुढे द्यावा. माझ्या प्लगइनने तो लगेच सोडून दिला. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत 50 मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा दहावा भाग. टाळकऱ्याच्या कानातून तो निसटत नाही.

बुवा आळवणीत रमले की पखवाजी हात आवरतो, पण मनात मात्रा मोजतच असतो. म्हणून समेवर थाप अचूक पडते. मला बायपास म्हणजे हेच वाटते. मध्येच उठून चहाला गेलेल्याची गोष्ट निराळी. तो परत येईतो डाव्या तोंडाची कणीक वाळलेली असते, ती नव्याने लावून स्वर जुळवावा लागतो. प्लगइन निष्क्रिय करणे हे असे उठून जाणे आहे.

2008 साली आलेल्या व्हीएसटी-3 या प्लगइनच्या मानकात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: बायपास हा प्लगइनचा एक पॅरामीटर, तर सक्रिय-निष्क्रिय करणे होस्टच्या हाती. 2022 च्या क्लॅप या दुसऱ्या मानकात तर सक्रिय असलेल्या प्लगइनला आपला उशीर परस्पर बदलताच येत नाही. होस्टला विनंती करायची, निष्क्रिय व्हायचे, आणि पुन्हा सक्रिय होतानाच नवा उशीर सांगायचा. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण एकाने गुपचूप वेळ बदलली तर सगळी मंडळीच विस्कटते.

घुमारा देणाऱ्या प्लगइनचा पेच आणखी नाजूक. बटण दाबताच घुमारा तोडावा की विरू द्यावा? माझे मत ठाम आहे: नवा आवाज आत घेऊ नये, पण आधीच घुमू लागलेला अभंगाचा शेवटचा स्वर पुरता विरू द्यावा.

त्या रात्री शेवटी मी होस्टमधूनच प्लगइन निष्क्रिय केले. सगळे उशीर नव्याने मोजले जाईपर्यंत आवाज क्षणभर तुटला. मग ट्रेलर पुन्हा ऐकू आले, आणि त्यांच्यावर पखवाज, टाळांच्या बरोबरीने.