सुटलेला टाका

आज गीतेचा दुसरा अध्याय, चाळिसावा श्लोक. या वाटेवर केलेली सुरुवात वाया जात नाही, असा त्याचा भाव.

तळेगाव ढमढेरेच्या घरी आईसाठी स्वेटर विणतोय. एक टाका खाली सुटला होता. तो क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर आणला. पण बगलेची घट चुकलेली, तिथे उसवणंच आलं.

"राहू दे रे, कोण बघतंय?" आई म्हणाली.

कोडमधली अशीच एक चूक मी महिनाभर दडवली होती. निस्तरली दुसऱ्याने, तेही रात्री जागून. म्हणून उसवलं. तीन संध्याकाळी गेल्याच की, मग वाया काय गेलं नाही? लोकर तर सगळी परत आली, जरा वेटोळी झालेली. आता दर वीस ओळींनी टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेवतो. उसवण तिथे थांबते.