अंगठ्याची जबाबदारी

श्रीविजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथे बदली होऊन आलेल्या मनुष्यास संध्याकाळ कशी घालवावी हा प्रश्न फार दिवस पडत नाही. समुद्र तो परस्पर सोडवून टाकतो. माझ्या बाबतीत त्याने तो जरा आडवळणाने सोडवला. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने मुख्य भूमीवर परतताना जे सामान काढून टाकले, त्यात गळाची एक आखूड, जाडजूड काठी आणि तिच्यावर बसवलेले एक काळे रीळ होते. दोन्ही वस्तू मी घेतल्या. येवल्यासारख्या कोरड्या गावी वाढलेल्या माणसाने मासेमारीचा सोस का धरावा, हे घरातील मंडळींना अद्याप उमगलेले नाही. मलाही पुरते उमगले आहे असे नाही.

ते रीळ म्हणजे काठीच्या पाठीवर आडवे बसवलेले एक चक्र. उजव्या हाताने मूठ फिरवावी, आत दातेरी चाके असल्यामुळे मुठीच्या एका फेऱ्यात चक्राचे अनेक फेरे होतात आणि दोर आत येतो. परंतु आलेला दोर चक्राच्या रुंदीवर कोठे पडावा, याबद्दल यंत्राला काहीही मत नाही. पुष्कळशा रिळांना पुढच्या बाजूस एक सरकता डोळा असतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन आट्यांच्या स्क्रूवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आपण होऊन परत फिरतो आणि दोर सारखा पसरवतो. माझ्या रिळाला तो डोळा नव्हता. तो मोडला असावा अशी माझी प्रथम समजूत झाली. पुढे कळले, की मोठ्या माशांसाठी बनणारी समुद्रावरील रिळे बहुधा मुद्दामच बिनडोळ्याची करतात.

ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशा गतिवर्धक रिळाला आकार दिला, आणि त्या शतकाच्या अखेरीस तो सरकता डोळा आला. इतकी सोय हाताशी असताना १९३२ साली फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे याने स्थापन केलेल्या ‘पेन’ कंपनीने समुद्रासाठी बिनडोळ्याची रिळे केली, ती काय जुन्याच्या प्रेमाने? मुळीच नाही. स्क्रूच्या आट्यांत वाळू आणि मीठ शिरते; दोर फेकताना डोळ्याचे घर्षण आड येते; दोराला मारलेली गाठ तेथे अडकते; आणि मोठा मासा उधळला की तो नाजूक भागच आधी दगा देतो. म्हणून जेथे ओढ भारी, तेथे दोर पसरवण्याचे काम माणसाच्या डाव्या अंगठ्याकडे ठेवले आहे.

तो अंगठा मला शिकवला एका नावाड्याने. शिकवला म्हणजे काय, तर एकच वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवले: “साब, अंगूठा सोया, तो मछली गया.” काठी डाव्या मुठीत, अंगठा दोराच्या कडेला, आणि मूठ फिरत असता तो अंगठा हळूहळू डावीकडून उजवीकडे व पुन्हा उलट. करून पाहिल्यावर कळते, की दोराला मध्यभागाचे विलक्षण आकर्षण आहे. क्षणभर दुर्लक्ष झाले की तेथे उंचवटा तयार होतो, आणि तो वाढत गेला की चौकटीच्या आडव्या दांड्याला टेकून चक्रच थांबवतो. माझी आजी पैठणीच्या मागासाठी कांड्या भरीत असे. तिची नजर दारात, गप्पा शेजारणीशी आणि बोटे मात्र कांडीवर. एका टोकाला फुगलेली कांडी धोट्यात अडकते हे तिने मला कधी शब्दांत सांगितले नाही. संक्रांतीला आसारीवर मांजा गुंडाळताना मीही तेच करीत होतो. साठीच्या उंबरठ्यावर, बंगालच्या उपसागरात, तेच पुन्हा मुळापासून शिकावे लागले.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यामुळे हा लेख लिहावयास बसलो. एका रविवारी दोन जागांच्या मध्ये दोर आत घेताना सोबतच्या स्नेह्याने बदल्यांची यादी काढली. आपल्यापैकी कोणालाही सांगावयास नको, की त्या विषयापुढे अंगठा काय, सर्व इंद्रिये झोपी जातात. दोर सैल आणि वेडावाकडा भरला गेला. चूक लक्षात आली तेव्हा तो उलगडण्याऐवजी वरचे पाच-पन्नास फेरे मी नीट, ताणून घेतले. वरून पाहता चक्र देखणे दिसत होते. तासाभराने सुरमई लागली. तिने दोर ओढीत धाव घेतली. वरचे चांगले थर उलगडले आणि ताणलेला दोर खालच्या सैल वेटोळ्यांत करवतीसारखा रुतला. चक्र थांबले. दोर तुटला. सुरमई तोंडात गळ आणि मागे दोराचा लांब तुकडा घेऊन निघून गेली.

माझे स्नेही अभियंते आहेत. ते म्हणाले, “सरकता डोळा असता तर असे झाले नसते. तुमच्या कौशल्याच्या हौसेची किंमत त्या जिवाने का द्यावी?” याला एक उत्तर माझ्यापाशी तयार होते: डोळा दोर सारखा पसरवतो, पण ताण तो देत नाही, सैल दोर त्याने अधिकच सुबकपणे मांडून ठेवला असता. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, आणि त्यामुळे मला कसलेही समाधान लाभले नाही. कारण त्यांचा खरा प्रश्न यंत्राविषयी नव्हताच. जे काम हाताने करण्याचा आपण आग्रह धरतो, ते शिकत असताना होणाऱ्या चुका कोणाच्या माथी पडतात? प्रथम नेमणुकीवर गेलेला तरुण अधिकारी एखाद्या तालुक्यावरच शिकतो. शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे. पण तालुक्याला कोणी विचारलेले नसते. आणि त्याहून जड जाते ते दुसरे. माझी चूक अजाणतेपणी झाली, पण तिच्यावर सुबक थर मी जाणूनबुजून चढवला होता. अशा थरांखालची जुनी टिपणे फायलीत ज्यांना सापडली आहेत, त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. ती लिहिणारा तोवर दुसऱ्या गावी सुखाने नांदत असतो.

मासेमारीच सोडावी, हा मार्ग उघडा आहे. तो कोणी सुचवला तर मी वाद घालणार नाही. मात्र मी तो अजून पत्करलेला नाही.

सध्या रविवारी होडी काढीत नाही. दोराचे टोक किनाऱ्यावरच्या माडाला बांधतो, सबंध दोर उलगडीत शेवटच्या थरापर्यंत जातो, आणि काठी ताणून धरून, माडाकडे एकेक पाऊल टाकीत तो पुन्हा भरतो. नावाडी वाळूवर बसून हसतो. मागच्या खेपेस अगदी तळाशी, चक्राच्या गाभ्याजवळ, दोराचा हातभर भाग खरवडलेला आढळला. तो माझ्या हातून झाला की माझ्या आधीच्या गृहस्थांच्या, ते समजावयास मार्ग नव्हता. तेवढा कापून टाकला आणि नव्याने गाठ मारली.