फाटकाच्या आतली मैफल

डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी हँडलचा ‘मेसाया’ पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा येणाऱ्यांना आधीच विनंती करण्यात आली होती: बायकांनी झग्याखालचे घेरदार सांगाडे घरी ठेवून यावं, पुरुषांनी तलवारी. फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या त्या सभागृहात जास्तीत जास्त माणसं मावावीत, एवढाच हेतू. मावली सुमारे सातशे. जमलेले पैसे दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना गेले आणि १४२ कैदी सुटले. धर्मादाय मैफलीचं इतकं रोकडं फळ दुसरं मला ठाऊक नाही. फक्त ज्यांच्या नावानं हे गाणं झालं ते कैदी त्या दुपारी तुरुंगातच होते. ऐकलं सातशे प्रतिष्ठितांनी.

लॉस एंजेलिसमध्ये स्किड रो नावाचा भाग आहे. फुटपाथवर तंबू, व्यसनमुक्तीची केंद्रं, तुरुंगातून सुटून कुठे जायचं हे न ठरलेली माणसं. तिथल्या ‘मिडनाइट मिशन’ या आश्रयस्थानात हाच ‘मेसाया’ डिसेंबर महिन्यात गायला जाऊ लागला, आणि गाणाऱ्यांत तिथले रहिवासीही उभे राहू लागले. हे घडवून आणणारा विजय गुप्ता हा बंगाली आईवडिलांचा मुलगा, २००७ मध्ये अवघ्या एकोणिसाव्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिनवादक म्हणून दाखल झालेला. २०११ मध्ये त्यानं ‘स्ट्रीट सिम्फनी’ सुरू केली आणि आश्रयस्थानांत, तुरुंगांत वाजवायला जाऊ लागला. २०१८ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुढे त्यानं वाद्यवृंदातली ती मानाची खुर्ची सोडली. डब्लिनचे पैसे तुरुंगात पोहोचले होते. गाणं तिथवर पोहोचायला पावणेतीनशे वर्षं लागली म्हणायची.

आपल्याकडेही हे दार टप्प्याटप्प्यानं उघडत गेलं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं, तेव्हा तिकीट हीच क्रांती होती. त्याआधी दरबाराचं नाहीतर सावकाराचं बोलावणं लागे. आता पैसे मोजणारा कुणीही पुढ्यात बसू शकत होता. मग गणेशोत्सवानं तिकीटही काढून टाकलं. गिरगावातल्या, दादरच्या गल्ल्यांत मोठमोठे गवई रस्त्यावर टाकलेल्या सतरंजीसमोर गायले, आणि गॅलरीत उभं राहून ऐकणाऱ्यांत गिरणीतून पाळी संपवून आलेले लोक होते. त्या मानानं आजची सभागृहातली, प्रायोजकांच्या फलकांनी वेढलेली मैफल मला पुन्हा दरबाराकडेच सरकलेली वाटते. पण तो रडगाण्याचा विषय आहे, तो इथेच सोडतो.

ज्यांना गल्लीत उतरण्याचीही मुभा नाही त्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे. मुंबईत उमरखाडीला डोंगरीचं निरीक्षण गृह आहे. कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त’ म्हटली जाणारी, अठरा वर्षांखालची मुलं तिथे ठेवतात. जागा जुन्या डोंगरी तुरुंगाची. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस याच तुरुंगात होते, आणि त्या मुक्कामात आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायचं काम केलं. हॅम्लेटच्या सहवासानं कैद्याची वर्तणूक किती सुधारली, याचा अहवाल कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

आज मात्र असा अहवाल पहिल्याच बैठकीत मागतात. बंदिस्त मुलांसमोर गाणं करायचं म्हटलं की विचारणा होते: यानं राग कमी होतो का, पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटतं का? सवाई गंधर्व महोत्सवातून बाहेर पडणाऱ्याला असला प्रश्न विचारायची कुणाची छाती आहे? भीमसेनांचं गाणं तीस वर्षं ऐकूनही भाडेकरूला छळणारे घरमालक आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचा पास कुणी रद्द केला नाही. गरिबाच्या आणि कैद्याच्या कानावर पडणारा सूर तेवढा कामाला लागला पाहिजे, हा हट्ट मला अपमानकारक वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम खेळ, विश्रांती आणि कला-संस्कृतीत सहभाग हा मुलाचा हक्क मानतं. भारतानं हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्या कलमात सुधारण्याची अट घातलेली नाही.

यावर व्हेनेझुएलाचं उदाहरण हटकून पुढे येतं. होसे आंतोनियो आब्रेऊ या अर्थतज्ज्ञ संगीतकारानं १९७५ मध्ये काराकासला मुलांचे वाद्यवृंद उभारायला सुरुवात केली. त्याचं देशभर ‘एल सिस्तेमा’ झालं, त्यातून गुस्ताव्हो दुदामेलसारखा संचालक निघाला, आणि पुढे तुरुंगांतही वाद्यवृंद सुरू झाले. आंतर-अमेरिकी विकास बँकेसाठी २,९१४ मुलांवर जो अभ्यास झाला, त्यात आत्मसंयम थोडा वाढलेला दिसला. मुलांच्या आकलनशक्तीत फरक आढळला नाही. त्याहून बोलका आकडा वेगळाच होता. या वर्गांना आलेल्या मुलांत गरीब घरची जेमतेम १७ टक्के होती, तर ज्या राज्यांत हे वर्ग चालले तिथे गरिबीचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या पुढे होतं. गरिबांसाठी काढलेल्या वर्गाची जागा बरी परिस्थिती असलेल्यांनी भरली. फुकट शिकवणीच्या रांगेत पुढे कोण उभं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरी अडचण आपल्या निरीक्षण गृहाची स्वतःची आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी लागते, मुदत वाढली तर आणखी दोन. मूल किती दिवस राहील ते जामिनावर, पालकांच्या कागदपत्रांवर अवलंबून. कुणी आठवड्यात जातं, कुणी अडकून पडतं. अशा ठिकाणी वाद्यवृंद उभा राहणार नाही आणि अलंकार पक्के व्हायच्या आत विद्यार्थी घरी गेलेला असेल. म्हणून मी म्हणतो, शिकवायला जाऊ नका, ऐकवायला जा. आणि जी मैफल कराल ती पूर्ण करा, कारण समोरच्या मुलासाठी पुढची मैफल असेलच असं नाही.

एका गायिका मैत्रिणीच्या मागे तानपुरा घेऊन अशाच एका गृहात बसलो होतो. तारांची जादा वेटोळी फाटकावर ठेवून घेतली गेली, आत जाताना तानपुऱ्याच्या तारा मोजल्या, बाहेर पडताना पुन्हा मोजणार होते. जेवणाच्या हॉलमध्ये बैठक, कोपऱ्यात स्टीलच्या ताटांची चळत. अधीक्षक भला माणूस होता. “मॅडम, दोन भक्तिगीतं, एक देशभक्तीपर म्हणा. अर्ध्या तासाच्या वर पोरं बसायची नाहीत,” असं त्यानं काळजीपोटीच सुचवलं. तिनं हसून मान डोलावली आणि भीमपलासचा विलंबित ख्याल सुरू केला. एकताल, एक आवर्तन जवळजवळ पाऊण मिनिटाचं. माइक नाही. पहिली वीस मिनिटं चुळबुळ, खोकले, कुजबुज. दोघं चक्क झोपले. शिपाई त्यांना उठवायला निघाला तर तिनं गाता गाताच हातानं ‘राहू दे’ म्हणून खुणावलं. भिंतीला टेकलेला एक पोरगा मात्र सम यायच्या आधी बोट उचलायला लागला होता. एकदा चुकला, दोनदा चुकला, मग चुकेना. गाणं तासभर चाललं. संपल्यावर तो तबलजीकडे गेला. “दादा, ती जागा येणार हे तुम्हाला कसं कळतं?” तबलजी म्हणाला, “तुला कळलं तसंच.” मग त्याला तबल्याच्या शाईवर बोट टेकवून बघायचं होतं. टेकवून बघितलं.

याचा त्याच्या खटल्यावर परिणाम झाला असेल असं मला वाटत नाही. पण एक अवघड गोष्ट सोपी न करता त्याच्यासमोर ठेवली गेली आणि त्याच्या कानानं तिचा हिशेब बरोबर लावला. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये आयआयटी दिल्लीत ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली तेव्हाही विद्यार्थ्यांपुढे सिनेगीतांचा गोडवा न घालता शास्त्रीय संगीतच ठेवलं होतं. ऐकायला आलेली माणसं थोडी होती, म्हणून त्यांनी गाणं बदललं नाही. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी याच्या पुढची गोष्ट केली. चेन्नईतल्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात २०१५ पासून भरलेल्या उत्सवात कर्नाटक संगीताच्या जोडीला पराई या चर्मवाद्याचं वादनही झालं. नुसतं ऐकवायचं नाही, त्यांचंही ऐकायचं. निरीक्षण गृहातही कुणाला हलगी येते, कुणाला नुसता रॅप. शेवटची दहा मिनिटं त्यांच्याकडे द्यावीत. कलाकारांनीच तोवर समोर सतरंजीवर बसावं.

पैशांचं बोलायलाच हवं. कलाकाराला मानधन द्या. सेवा म्हणून बोलावलेला गवई बिदागीचा कार्यक्रम आला की तारीख पुढे ढकलतो. त्यात त्याची चूकही नाही, त्याला घर चालवायचं असतं. गावोगावच्या संगीत मंडळांनी वार्षिक संमेलनाच्या मांडवातून आणि सत्काराच्या शालींतून थोडे पैसे बाजूला काढले, तर महिन्याला एक ठरलेली बैठक निघू शकते. नाव मंडळाचंच राहू द्या. मात्र या बैठकीचे मुलांसकट फोटो छापता येणार नाहीत. मुलांची ओळख उघड करायला याच अधिनियमाचं ७४ वं कलम मनाई करतं. हे समजल्यावर बरेच देणगीदार गळतील. जे उरतील त्यांना घेऊन पहिली तारीख ठरवावी.