अनुत्तरित पत्रे

सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या शुभ्र कवचांचे कौतुक जगभर होते. आतली सभागृहे मूळ संकल्पनेपासून इतकी दूर का गेली, हे मात्र त्या कवचांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी वास्तुरचनाकार यॉर्न उत्झॉन, अभियंता ओव्ह आरुप आणि न्यू साउथ वेल्सचे सरकार यांच्यातला पत्रव्यवहार वाचावा लागतो.

२९ जानेवारी १९५७ रोजी रचनास्पर्धेत आलेल्या २३३ प्रवेशिकांमधून ३८ वर्षांच्या उत्झॉन यांची निवड झाली. लंडनमध्ये मोठी फर्म चालवणाऱ्या आरुप यांनी आपण होऊन त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले आणि मदतीची तयारी दाखवली. दोघांचीही नाळ डेन्मार्कशी जोडलेली. पुढची काही वर्षे काम डेन्मार्कमधले हेलेबेक, लंडन आणि सिडनी अशा तीन ठिकाणी चालले होते, त्यामुळे विचारविनिमयाचा मोठा भार पत्रांवरच होता.

या मैत्रीच्या मुळाशी एक व्यावहारिक गाठ होती. आरुप यांचा करार उत्झॉन यांच्याशी नव्हता, थेट इमारतीच्या मालकाशी होता. संबंध चांगले होते तोवर हे कुणाला खटकले नाही.

कामाची सुरुवातच घाईची होती. जनमत फिरेल आणि प्रकल्प बारगळेल, या धास्तीने प्रीमियर जोसेफ केहिल यांनी मार्च १९५९ मध्ये बांधकाम सुरू करायला लावले. तेव्हा छताची भूमितीच ठरलेली नव्हती. परिणामी चौथऱ्याचे काही खांब पुढे पाडून पुन्हा मजबूत बांधावे लागले. १९६१ मध्ये सगळी कवचे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची, ही युक्ती सापडली आणि त्याच त्या साच्यांत फासळ्या ओतणे शक्य झाले. ते श्रेय नेमके कुणाचे, यावर आजही वाद होतात. एवढे खरे की, वास्तुरचनाकार आणि अभियंता एकमेकांचे म्हणणे ऐकत होते म्हणूनच ती युक्ती प्रत्यक्षात आली.

पुढे उत्झॉन उत्तरे टाळू लागले. आपल्या पत्रांना उत्तर येत नाही, ही आरुप यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. शेकडो लोकांचे काम ज्याच्या निर्णयावर अडते, त्याला मौन परवडत नाही.

१९६५ मध्ये सत्ताबदल झाला आणि डेव्हिस ह्यूज सार्वजनिक बांधकाममंत्री झाले. त्यांनी पैशाची नाडी हातात घेतली: आधी पूर्ण रेखाचित्रे द्या, मग शुल्क मिळेल. उत्झॉन यांना सभागृहांच्या प्लायवूडच्या अंतर्रचनेसाठी पूर्णाकृती नमुने करून पाहायचे होते, त्यालाही मंजुरी मिळेना. आता पत्रांमध्ये ध्वनी, आसने, छत हे विषय मागे पडले. थकबाकी आणि अधिकार यांचीच भाषा उरली.

२८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन यांनी पद सोडत असल्याचे पत्र दिले. ह्यूज यांनी ते तत्काळ स्वीकारले. काही दिवसांतच सुमारे हजार लोकांनी उत्झॉन यांच्यासाठी मोर्चा काढला. नंतर सरकारने त्यांना दुय्यम भूमिका देऊ केली, ती त्यांनी नाकारली. एप्रिलअखेर ते सिडनीहून गेले, ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

उत्झॉन यांच्या जागी आलेले वास्तुरचनाकार पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघड परिस्थितीत काम पूर्ण केले, त्यांना कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. पण मोठे सभागृह केवळ संगीत मैफलींपुरते ठेवण्याचा निर्णय झाला आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. मोठ्या सभागृहासाठी बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकावी लागली. उत्झॉन गेले तेव्हा खर्च सुमारे २.३ कोटी डॉलर होता. १९७३ मध्ये उद्घाटन झाले तोवर तो १०.२ कोटींवर पोचला. सगळी वाढ त्यांच्या जाण्यामुळे झाली असे कुणी म्हणू नये, पण त्यांच्या जाण्याने काटकसर साधली, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

१९९९ मध्ये सरकारनेच त्यांना पुन्हा सल्लागार नेमले. २००२ मध्ये त्यांनी भावी बदलांसाठी रचनेची तत्त्वे लेखी मांडली. दुराव्याच्या काळात जे मागूनही मिळत नव्हते, ते विश्वासाने विचारल्यावर मिळाले.

ह्यूज यांचा अपराध खर्चाचा हिशेब मागण्यात नव्हता, तो त्यांचा अधिकारच होता. मतभेद मिटवण्याची कोणतीही वाट न ठेवता शुल्काचा वापर दबावासाठी केला, हा त्यांचा अपराध. कुठल्याही मोठ्या सार्वजनिक इमारतीच्या करारात रचनाकार, अभियंता आणि मंत्री यांच्यातला वाद कोण सोडवणार, हे पहिली वीट रचण्यापूर्वी लिहिलेले असले पाहिजे. आणि तो सगळा पत्रव्यवहार करदात्यांना वाचता आला पाहिजे.