नाण्याचा पत्ता

झारेकऱ्याशी नाण्यांची अदलाबदल करायची तर सकाळी जाण्यात अर्थ नाही. सकाळी तो पाण्यात असतो. गोदावरीच्या घाटाखालची वाळू आणि गाळ घमेल्यात घ्यायचा, पाण्यात गोल गोल हलवत हलकं ते वाहून जाऊ द्यायचं आणि तळाशी जे जड उरतं ते निवडायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. सराफांच्या दुकानांपुढची माती धुऊन सोन्याचे कण काढणारेही हेच लोक. नदीत त्यांना खिळे, जोडवी, देवाचे टाक मिळतात आणि नाणी मिळतात. दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरं वेगळी. त्यांच्या चुंबकाला आजचा रुपया चिकटतो, कारण १९९२ पासून तो स्टेनलेस स्टीलचा आहे. तांबं, चांदी, शिसं चुंबकाला दाद देत नाहीत. त्यासाठी घमेलंच लागतं, नाहीतर हल्ली घरबसल्या मागवता येणारं मेटल डिटेक्टर.

दुपारनंतर माझे झारेकरी मामा घाटाच्या पायरीवर फडकं पसरून बसतात. आमचा सौदा साधा असतो. त्यांना पाहिजे असतो राणीछाप रुपया: साडेअकरा ग्रॅमच्या वर वजन, त्यातली जवळपास ९२ टक्के चांदी, सराफाकडे गेलं की हातोहात पैसे. मला पाहिजे असतात त्यांच्या फडक्यावरच्या हिरव्या पडलेल्या चकत्या, ज्या भंगारात तांब्याच्या भावाने जाणार असतात. दोघांनाही वाटतं, आपण समोरच्याला स्वस्तात गुंडाळलं. अदलाबदल टिकते ती अशीच.

त्या चकत्यांत बहुतेक शिवराया असतात. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ मध्ये, सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं मराठी मुलखात पुढे दोनशे वर्षं चाललं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्र’ खाली ‘पति’. पण एवढं सगळं एका नाण्यावर दिसणं दुर्मीळच. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, आणि घण मारणाऱ्याला घाई. म्हणून एखाद्या शिवराईवर नुसता ‘राजा’ असतो, एखादीवर ‘शिव’मधला अर्धा ‘व’ काठावरून निसटलेला असतो. अंगठ्याच्या नखाने माती काढत काढत अक्षर वर यायला लागलं, की मामा माझ्या चेहऱ्याकडे बघतात. भाव तिथे ठरतो. मी चेहरा कोरा ठेवायला शिकलोय, असं मला वाटतं; त्यांना तसं वाटत नाही.

त्यांना एकच गोष्ट हात जोडून सांगावी लागली होती: घासू नका. चिंच, लिंबू, पितळी भांड्यांची पावडर यांनी नाणं लखलखीत होतं आणि मातीमोलही होतं. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला हिरवट-काळा थर, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, तो गेला की बारीक अक्षरांच्या कडाही त्याबरोबर जातात. मामांना हे पटलं नव्हतं. “गिऱ्हाइकाला चमक लागते, सर,” म्हणाले. मग मला द्यायची नाणी तरी घासायची नाहीत, एवढं कबूल करून घेतलं.

त्यांच्याकडून आलेलं पुढे दुसऱ्या संग्राहकांकडे जातं. तिथे व्यवहार निराळ्या तऱ्हेने चालतो. प्रत्येकाकडे ‘डबल’ असतात. माझ्या दोन शिवराया, तुमची एक दुदांडी शिवराई. माझा चांदवडचा रुपया, ज्यावर नाव मुघल बादशहाचं आणि टांकसाळीचा पत्ता ‘जाफराबाद उर्फ चांदोर’, तुमच्या सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या दोन नाण्यांना. किमतीच्या याद्या सगळ्यांच्या खिशात असतात, पण कुणी त्या काढत नाही. दोघांनाही ठाऊक असतं की अडलेला कोण आहे. एवढ्या बारकाईने चाललेल्या या देवघेवीत वजन विचारतात, ठसा विचारतात, काठ कापलेला आहे का विचारतात. हे कुठे सापडलं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा.

कशासाठी, ते नाशिकातच दिसतं. १९०६ मध्ये शहराजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची: एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. चेहऱ्याच्या गालावर तीन कमानींची टेकडी बसलेली. नाशिकच्याच पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, कूळ समूळ उपटलं, असं त्यात ती सांगते. आई मुलाची थोरवी गाणारच, असं म्हणून हा दावा सोडून देता आला असता. जोगलटेंभीनंतर तसं म्हणता आलं नाही. जिंकलेल्याने हरलेल्याच्या पैशावर शिक्का मारून तो पैसा चालवला, आणि दोन्ही तऱ्हेची नाणी एकाच साठ्यात होती, हे एकत्र सापडल्यामुळेच कळलं. तीच नाणी एकेक करून तेरा हजार हातांत गेली असती, तर प्रत्येकाकडे चांदीचं एक छान नाणं उरलं असतं आणि ही गोष्ट कुणाकडेच उरली नसती.

त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. दानात दिलेल्या ७०,००० कार्षापण नाण्यांचा त्यात हिशेब आहे: ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. अदलाबदलीचा दर दगडात कोरून ठेवणारी माणसं होती ही. आम्ही साध्या पाकिटावर गावाचं नाव लिहीत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही. नदीतल्या नाण्याला कसला आला पत्ता? १९५४ ते ५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी नेवाशाला उत्खनन केलं, तिथल्या नाण्याला थर आहे, थराला काळ आहे. गोदेच्या पुराने फरफटत आणलेल्या शिवराईला काय आहे? थोडं तरी आहे. सोनं-चांदी लांबचा प्रवास करते; व्यापारी, सैन्य, खंडणी यांच्याबरोबर ती मुलखामागून मुलूख ओलांडते. हलक्या किमतीचं तांबं-शिसं मात्र फार लांब जात नाही. ते ज्या बाजारात चालतं त्याच्याच आसपास पडतं. म्हणून हत्तीच्या छापाची शिशाची नाणी एकाच गावच्या पात्रात पुन्हा पुन्हा मिळायला लागली, तर पुराने त्यांना थोडं हलवलं असलं तरी त्या गावच्या बाजाराबद्दल ती काहीतरी सांगतात. एकट्या नाण्याचा पत्ता कच्चा असतो. अनेकांचे पत्ते जुळले की तो पक्का होत जातो.

मग माणसं पत्ता सांगत का नाहीत? कारण सांगण्यात तोटा आहे. जागा कळली की उद्या तिथे दुसरा झारेकरी घमेलं घेऊन उभा. आणि त्याहून मोठी भीती पोलिसांची. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेला ठेवा १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. दहा रुपये १८७८ चे आहेत, ते कुणी वाढवलेले नाहीत. वाळूत एकट्या पडलेल्या नाण्याला ‘दडवलेला ठेवा’ म्हणायचं का, यावर संग्राहकांत वाद रंगतात. हंडाच लागला तर वादाला जागा नाही. खरं तर कायदा शोधणाऱ्याच्या अगदीच विरुद्ध नाही. ठेव्यावर मूळ धन्याचा हक्क ठरला नाही आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला, असं त्यात आहे. पण हे शेतकऱ्याला कोण सांगणार? त्याला ‘पंचनामा’ आणि ‘मुद्देमाल’ हे दोनच शब्द ऐकू येतात, आणि हंडा रातोरात सराफाच्या मुशीत जातो.

इंग्लंडमध्ये यातून एक वाट काढली गेली. तिथे शेतमालकाच्या परवानगीने डिटेक्टर घेऊन फिरणारे हौशी लोक हजारोंनी आहेत. १९९६ च्या कायद्याने साठे आणि मौल्यवान ठेवे कळवणं सक्तीचं आहे; सुटं नाणं सहसा त्यात येत नाही. मात्र १९९७ पासून एक योजना चालते, जिच्यात असं सुटं नाणंही नेऊन दाखवता येतं. जागा, वजन, छायाचित्र नोंदवून घेतात आणि नाणं परत देतात. मग ते ठेवा, विका, अदलाबदल करा. अशा नोंदी आता दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. रात्री चोरून खणणारे तिथेही आहेतच. पण सांगणाऱ्याचं काही जात नाही म्हटल्यावर बरेच जण सांगतात.

आपल्याकडे डिटेक्टर आला तो या व्यवस्थेशिवाय. मध्यंतरी एक तरुण मुलगा अदलाबदलीसाठी आला. डबीत शिशाच्या गोळ्या, एक बकल, चार शिवराया. “कुठल्या?” विचारलं, तर म्हणाला, “गडाच्या आसपासच्या, काका.” संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं, त्याचं ‘आसपास’ त्यातूनच आलं होतं. मी डबी परत केली. तो हिरमुसला, आणि ती डबी दुसऱ्या कुणीतरी घेतली असणार, याबद्दल मला शंका नाही. गोळ्या कुठल्या बुरुजाखाली, कशा रेषेत पडलेल्या होत्या, हे मात्र आता त्यालाही सांगता येणार नाही.

मामांशी माझा सौदा आता बदललाय. राणीछाप रुपया नाण्याचा, आणि जागेचे वेगळे रोख पैसे. पहिल्यांदा ते हसले. मग म्हणाले, “जागा कुणाला सांगणार नाही ना?” निदान ते जिवंत आणि धंद्यात असेपर्यंत नाही, असा शब्द दिला. मग बोलायला लागले: पुलाच्या खालच्या अंगाला, पूर ओसरल्यावर, काळ्या गाळाखालच्या रेतीत. मी ते पाकिटावर लिहून ठेवतो. गंमत म्हणजे पुढे अदलाबदल करताना संग्राहकांना ते पाकीट नको असतं. ट्रेमध्ये बसत नाही म्हणतात. म्हणून हल्ली मी नदी, तालुका आणि साल पुठ्ठ्याच्या होल्डरच्याच मागे बॉलपेनने लिहितो, आणि मामांची नेमकी जागा माझ्या वहीत. एका मित्राने तक्रार केली, होल्डर खराब दिसतो. त्याला म्हटलं, मग दुसरा घाल आणि त्यावर तूच लिही.