पुरेल एवढंच

आपल्याकडे गाडी घेताना पांढऱ्या रंगाला पसंती जास्त. नगरच्या उन्हात काळी गाडी तापून निघते, पांढरी त्या मानाने कमी तापते आणि धूळही तिच्यावर फारशी उठून दिसत नाही, असं घेणारा प्रत्येक जण सांगतो. पण मे महिन्यात मामाच्या गावाला आलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोराला या गाडीत भलतंच काही दिसतं. त्याच्या उंचीला बरोबर येणारा, गुळगुळीत, कोरा करकरीत फळा. हातात काळा मार्कर लागला की त्या दारावर सूर्य उगवतो, दोन डोंगर उभे राहतात, झोपडी येते, आणि खाली सही म्हणून स्वतःचं नाव, त्यातली एखादी वेलांटी उलटी.

पुढचं सगळं घरोघरी सारखंच. कोणी पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं आणतं, कोणी नेलपेंट काढायचं रिमूव्हर, कोणी टूथपेस्ट, तर कोणी भांडी घासायची हिरवी घासणी. शेजारचे काका थिनरची बाटली घेऊनच फाटकात शिरतात. अर्ध्या तासात चित्र जातं आणि सगळे हात झटकून चहाला बसतात. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की दारावर चित्राच्याच आकाराचा एक धुरकट पट्टा दिसू लागतो. मार्करने गाडीचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं आपण अर्ध्या तासात करून ठेवलेलं असतं.

असं का होतं ते समजायला गाडीचा रंग किती जाड असतो हे माहीत हवं. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर आपण शोरूममध्ये पसंत केलेला रंग आणि बहुतेक गाड्यांवर सगळ्यात वर एक पारदर्शक थर. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यातला क्लिअर 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर आपण घासणी चालवतो ते कवच केसाहूनही बारीक. ऊन, पाऊस, पाखरांची शीट, सगळं तेच झेलतं. साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्यांवर हा वेगळा क्लिअर नसतोही. तिथे घासायला लागलं की फडक्यावर थेट रंगच येतो.

मार्करची शाई बसलेली असते ती या वरच्या थरावर. शाईत मुख्यतः तीन गोष्टी: रंग, त्याला धरून ठेवणारी राळ, आणि दोन्ही पातळ ठेवणारं द्रावण, बहुधा अल्कोहोल. लिहिता लिहिताच अल्कोहोल उडून जातं, टोपण उघडताच नाकात जातो तो वास त्याचाच, आणि मागे राहिलेली राळ रंगाला घेऊन पृष्ठभागाला चिकटून बसते. पाणी कितीही ओतलं तरी ती दाद देत नाही. पण उडून गेलेलं अल्कोहोल तिला परत मिळालं की तिची पकड सैल पडते. मनगटात किती जोर आहे याचा या कामाशी संबंधच येत नाही.

हे औषध नगर जिल्ह्याला परकं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. उसाच्या रसातून साखर निघाल्यावर उरते ती काळी, दाट मळी. ती आंबवायची, तापवायची, वाफ थंड करून धरायची, की अल्कोहोल मिळतं. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी याच अल्कोहोलपासून सॅनिटायझर केलं होतं. इंजेक्शनआधी दंडाला पुसतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल मळीतून येत नाही, त्याचा उगम पेट्रोलियमच्या कारखान्यात. पण कूळ तेच आणि मार्करच्या डागावर गुणही तोच. मेडिकलच्या दुकानात मिळणारी छोटी बाटली एवढ्या कामाला पुरून उरते.

केडगावच्या बाजूला एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये हे काम जवळून बघायला मिळालं. एक आजोबा नातवाची कलाकृती दारावर घेऊन आले होते. मिस्त्री साठीच्या घरातले, बोलायला कमी. त्यांनी डागाकडे बघितलंच नाही. दाराच्या कडेने नजर फिरवली, फटीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, “आजोबा, हे दार कंपनीचं हाये, का कधी काम झालंय याच्यावर?”

प्रश्न लाखमोलाचा होता. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो, सीट, वायरी, रबर काही बसवलेलं नसतं. म्हणून तिथे रंग साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजून पक्का करता येतो. तयार गाडी गॅरेजमध्ये एवढी तापवता येत नाही. तिथला रंग हार्डनर मिसळून कमी उष्णतेवर वाळवावा लागतो, आणि जुन्या पद्धतीचा स्वस्त रंग मारलेला असेल तर थिनर लागताच तो मऊ पडून हातात येतो. डाग तोच, मार्करही तोच. पण खालचा रंग कुठला आहे त्यावर सगळा उपाय ठरतो.

दार मूळचंच होतं. मग मिस्त्रींनी गाडी सावलीत घ्यायला लावली, पत्र्याला तळहात लावून तो थंड झाल्याची खात्री केली आणि भरपूर पाण्याने आधी धूळ उतरवली. इंधनाच्या टाकीचं झाकण उघडून आतल्या कोपऱ्यात, जिथे कोणी बघत नाही तिथे, स्पिरिटचा बोळा टेकवला. बोळ्यावर गाडीचा रंग आला नाही, झाकणावरची चमक गेली नाही. तेव्हा कुठे ते दाराकडे वळले. कापूस ओला केला, थेंब ओघळणार नाही इतका पिळला आणि झोपडीच्या छपरावर ठेवून बोटांनी नुसता दाबून धरला. आजोबांना राहवेना. “अहो, जरा जोर लावा की!”

“जोर लावायचा आसता तर तुमी घरीच लावला आसता,” मिस्त्री म्हणाले, आणि बोळा उचलला. त्यावर छपराचा काळा ठसा उमटला होता, जरासा निळसर झाक मारणारा. त्यांनी बोळा उलटला, कोरी बाजू टेकवली. मग नवा बोळा घेतला. शाई सुटलेला बोळा पुन्हा फिरवला असता तर एका रेघेचा मोठा काळा ढग झाला असता. काचेच्या खालचं रबर आणि दारावरची काळी प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी मुद्दाम टाळली. झोपडी गेली, डोंगर गेले, सूर्य गेला. शॅम्पूच्या पाण्याने सगळं धुतलं, कोरडं टिपलं, वरून मेणाचं पॉलिश बोटभर लावलं. एवढ्या वेळात शेजारी बिडी पेटवू पाहणाऱ्या पोऱ्याला त्यांनी एकदाच दरडावलं, कारण स्पिरिटला ठिणगी पुरते.

नावाच्या जागी मात्र एक फिकट सावली उरली, वाकून बघितलं तरच दिसणारी. आजोबांनी ती वाकून बघितलीच. “हे राहिलं की.”

“ते मुरलंय. काढायचं म्हनलं तर रबिंग मारावं लागंल. मी न्हाई मारत. हात-दोन हातांवरून दिसत न्हाई ते, आन् निम्मं तर उन्हानंच जाईल.”

मला त्या सगळ्या कामात हे थांबणं फार मोठं वाटलं. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक खर असलेली पेस्ट. ती डाग विरघळवत नाही, डागासकट पृष्ठभागाचा पापुद्रा काढते. काही वेळा त्याला इलाज नसतो आणि बारीक कंपाउंड हलक्या हाताने मारलं तर बिघडतही नाही. पण क्लिअर हा निवृत्तीनंतर हातात आलेल्या एकरकमी पैशासारखा आहे, त्यात नवी भर पडत नाही, जे होतं ते फक्त खर्च. ज्याला हे ठाऊक आहे तो दर वेळी स्वतःला विचारतो की एवढ्याशा सावलीसाठी किती मोडायचे. ज्याला ठाऊक नाही तो सावलीच्या मागे लागून प्रायमरपर्यंत पोचतो.

काही पृष्ठभागांना तर एवढीही सवलत नसते. नगरच्या रणगाडा संग्रहालयात 1994 पासून देशोदेशीचे रणगाडे मांडलेले आहेत. लष्करी वाहनांचा रंग बिनचमकीचा असतो, कारण उन्हात चकाकणारा रणगाडा शत्रूला लांबूनच दिसेल. आता हौसेने घेतलेल्या काही मोटारीही तशा मॅट रंगाच्या येतात. त्यांच्यावर रबिंग किंवा जोराने पॉलिश केलं की घासलेला भाग चमकायला लागतो, आणि ती चमकच मग डाग होऊन बसते. इतर गाड्यांवर जिला आपण सफाई म्हणतो, तिनेच इथे गाडी विद्रूप होते.

पोराच्या चित्रावर आपण जेवढे चिडतो तेवढे आपल्या स्वतःच्या हातावर चिडत नाही. नवी गाडी शिर्डीला, शनिशिंगणापूरला किंवा मोहट्याला नेतो, बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि पुसायचं कसं म्हणून आठवडाभर तसंच ठेवतो. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडतो, कुंकवाच्या कृत्रिम रंगाचं तसं नाही. श्रद्धा आहे, असावी. पण पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पाण्याने धुण्यात देवाचा काही अवमान होत नाही. त्याहून मोठा खर्च रोज सकाळचा. पाण्याची टंचाई म्हणा, घाई म्हणा, मुरमाच्या रस्त्यावरची धूळ बसलेली गाडी आपण कोरड्या फडक्याने गोल गोल पुसतो. ती धूळ म्हणजे दगडाचीच भुकटी. वर्षभराने उन्हात बघितल्यावर कोळिष्टकासारखे जे गोल ओरखडे दिसतात ते त्या फडक्याचे. मार्करवाल्या पोराला यातलं काहीच जमलं नसतं.

1490 मध्ये वसलेल्या नगर शहरात जुन्या दगडी वास्तू पावलापावलावर आहेत. दमडी मशिदीचं कोरीव काम बघितलं की लोखंडी ब्रशने तिथे काय होईल याची कल्पना करवत नाही. जुन्या वास्तूंची निगा राखणारे जाणकार तिथेही त्या मिस्त्रींच्याच क्रमाने जातात. आधी दगड ओळखायचा, मग डाग. कोपऱ्यात थोडं करून बघायचं. पाण्याने भागत असेल तर रसायन नको, बोळ्याने भागत असेल तर ब्रश नको. आणि उरलेला डाग काढायला दगडाची नक्षी द्यावी लागणार असेल, तर डाग राहू द्यायचा. केडगावच्या गॅरेजमध्ये हे कुणी शिकवलेलं नसतं. तिथे चुकीची किंमत गिऱ्हाईक तिथल्या तिथे वसूल करतं, म्हणून ते हातात उतरतं.

आपल्या बाकीच्या कामांत मात्र क्रम बहुधा उलटा असतो. कार्यालयात एखाद्याच्या कागदात चूक सापडली की पहिलं पाऊल नोटिशीचं. भावाभावात बांधावरून शब्दाला शब्द लागला की पहिला फोन वकिलाला. घरात कुणाचं काही बिनसलं की आवाज आधी चढतो, विचारपूस मागून येते. सौम्य उपायाने काम होत नाही अशी आपली समजूत असते, खरं तर तो करून पाहिलेलाच नसतो. कडक उपाय उद्याही हाताशी असतो, नोटीस उद्याही काढता येते, वकील उद्याही भेटतो. एकदा वापरला की मात्र तो परत घेता येत नाही. एवढं एकच कारण सौम्य उपायाला पहिला मान द्यायला पुरेसं आहे.

आज दिवसभरात काहीतरी निस्तरायचं प्रत्येकाच्या वाट्याला येईल. चूक आपली असेल किंवा दुसऱ्याची, डाग समोर दिसतच असेल आणि हात शिवशिवत असेल. तेव्हा डाग किती काळा आहे हे मोजत बसण्यापेक्षा दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्याच्या खाली काय आहे, आणि ते किती जाड आहे.