घ्यायचे माप, द्यायचे माप

तंबाखूच्या वखारींच्या निपाणीत वाढलो, तेव्हा एक वाक्य वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकले : ज्याचे घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे वेगळे, त्याच्याशी व्यवहार करू नये. न्यायाच्या बाबतीत आपण सीमाभागातली माणसे नेमके तसेच वागतो का, हा प्रश्न मला एका निकालाने घातला.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘उषा मेहता’ खटल्यात निर्णय दिला. महाराष्ट्रातील भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांतही पाचवी ते दहावी मराठी विषय सक्तीचा करणे घटनाबाह्य नाही, असा त्याचा आशय. मी तेव्हा सहशिक्षक होतो. वर्तमानपत्र वाचून सुखावलो. शेजारी बसलेले आमचे कन्नडचे शिक्षक शांतपणे म्हणाले, “मग सर, इथं कन्नड शिका म्हटलं की तुम्हाला राग का येतो?” मला उत्तर सुचले नाही.

ते मिळायला दहा वर्षे लागली. कर्नाटक शासनाने १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असावे असे ठरवले होते. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आग्रह अमान्य केला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, शासन नव्हे. आणि प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाची निवड हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे पीठाने सांगितले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. शेजाऱ्याची भाषा विषय म्हणून शिकणे वेगळे. मुलाने कोणत्या भाषेतून शिकावे हे शासनाने लादणे वेगळे. पहिल्याला मी मुंबईत न्याय म्हणत असेन, तर निपाणीत जुलूम कसा म्हणू? त्या दिवसापासून कन्नडच्या तासाला नाक मुरडणे मी सोडले.

परंतु माप अजून पुरते झाले नव्हते. २०१४ चा लढा इंग्रजी शाळांच्या चालकांनी लढवला होता. त्याच स्वातंत्र्याच्या बळावर आमचे मराठी पालकही मुलांना पहिलीपासून इंग्रजी शाळेत घालतात, आणि काही वर्षांनी आमच्या आठवीचा पट रोडावतो. मनात येते, की कोणीतरी त्यांना सक्तीने थांबवावे! मग स्वतःचीच लाज वाटते. शासनाने जे करू नये म्हणून आपण भांडलो, तेच आपल्या सोयीसाठी करावे काय?

पालकाचा तो हक्क मला मानलाच पाहिजे. माझ्या हाती उरते ते एवढेच : त्याला परत यावेसे वाटेल अशी शाळा चालवणे.